दहशतवादाचा अभ्यास

राजकीय, धार्मिक वा सामाजिक उद्दिष्ट साधण्यासाठी, प्रत्यक्ष बळी पडणाऱ्यांपेक्षा पुष्कळ मोठ्या समुदायाच्या मनात भीती निर्माण करण्याच्या हेतूने योजलेल्या हिंसेची कारणे, स्वरूप, परिणाम व शेवट यांचे पद्धतशीर विवेचन करणारे अभ्यासक्षेत्र. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र व विधी या शाखांच्या सीमेवर ते वाढले असून त्यास स्वतंत्र विषयाचे रूप १९७० नंतर येऊ लागले. ‘हिंसक अतिरेकवाद’ ही संज्ञा त्याहून व्यापक असून हिंसेचे समर्थन करणाऱ्या विचारसरणीपासून प्रत्यक्ष कृतीपर्यंतची सर्व वाटचाल तीत अभिप्रेत असते.

या अभ्यासातील मुख्य अडचण साधनांची आहे. हिंसेचा अवलंब करणारे गट गुप्तपणे वावरतात. त्यांच्याविषयीची बहुतेक माहिती पोलीस तपास, कबुलीजबाब, न्यायालयीन निवाडे व चौकशी समित्यांचे अहवाल यांतून, म्हणजे ज्या शासनाशी त्यांचा संघर्ष असतो त्याच्याच दप्तरातून, मिळते. अशा माहितीच्या आधारे सिद्धांत मांडले जातात, कायदे होतात आणि माणसांना शिक्षाही होतात. महाराष्ट्रात अशा नोंदींची परंपरा सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी असल्यामुळे या अभ्यासाचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही येथील उदाहरणांवरून चांगल्या प्रकारे स्पष्ट होतात.

संज्ञा व व्याख्या : ‘दहशत’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला. यूरोपीय भाषांतील त्याच्याशी समानार्थी संज्ञेस राजकीय अर्थ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात प्राप्त झाला. १७९३-९४ मध्ये रोब्झपीअर व त्याच्या सहकाऱ्यांच्या राजवटीने विरोधकांच्या निर्दालनासाठी दहशत हे धोरण म्हणून उघडपणे स्वीकारले. म्हणजे आरंभी ही संज्ञा शासनाच्या कृतीस उद्देशून होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती शासनविरोधी गटांकडे वळली. रशियातील ‘नारोद्नाया व्होल्या’ (स्थापना १८७९) या संघटनेने १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा वध केला आणि या मार्गाचे तात्त्विक समर्थनही केले. मराठीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजकीय हिंसेच्या मार्गास ‘अत्याचारी’ व अहिंसक मार्गास ‘अनत्याचारी’ असे म्हणण्याचा प्रघात होता. एकाच व्यक्तीस तिचे चाहते क्रांतिकारक, मवाळ पक्षाचे लोक अत्याचारी आणि सरकारी कागदपत्रे राजद्रोही वा दहशतवादी म्हणत. संज्ञेच्या निवडीतच निर्णय अंतर्भूत असतो, ही या विषयातील पहिली अडचण होय.

सर्वमान्य व्याख्येचे प्रयत्न अद्याप सफल झालेले नाहीत. यूगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याच्या मार्सेय येथील वधानंतर (१९३४) राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये दहशतवादाच्या प्रतिबंधाचा करार तयार केला. परंतु त्यास अनुसमर्थन देणारा देश एकच होता व तो म्हणजे तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थान. करार अंमलात आला नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे एक व्यापक करार प्रस्तावित केला. मात्र राष्ट्रीय मुक्तिलढे व राज्यांची सशस्त्र दले यांस व्याख्येतून वगळावे किंवा कसे, या प्रश्नावर त्याची चर्चा अडून राहिली. डच अभ्यासक अ‍ॅलेक्स श्मिड याने १९८० च्या दशकात १०९ व्याख्यांची छाननी केली. त्यांपैकी सु. ८३ टक्के व्याख्यांत हिंसा वा बलप्रयोग, ६५ टक्क्यांत राजकीय हेतू व ५१ टक्क्यांत भीती हे घटक आढळले. निरपराध वा नागरी बळी हा घटक त्यामानाने फारच थोड्या व्याख्यांत होता. भारतात बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या पंधराव्या कलमात ‘दहशतवादी कृत्या’ची व्याख्या दिलेली आहे, तथापि ती गुन्ह्याची व्याख्या असून शास्त्रीय वर्गीकरणासाठी केलेली नाही.

या मतभेदांमुळे बहुतेक अभ्यासकांनी एक व्यावहारिक नियम स्वीकारला आहे : व्याख्या कर्त्यावरून वा त्याच्या ध्येयावरून न करता कृतीवरून करावी. ध्येय न्याय्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा. कृतीत भय पसरविण्याचा हेतू होता काय व तिचे लक्ष्य कोण होते, हे प्रश्न वेगळे. हा नियम सांगण्यास सोपा असला, तरी पाळण्यास कठीण ठरतो.

अभ्यासाचा आरंभ : भारतात या विषयाचे पहिले पद्धतशीर लेखन विद्यापीठांत झाले नसून पोलिसी दप्तरात झाले. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांचे सविस्तर वर्णन केले. फिलिप मेडोज टेलर याने त्याच प्रकारच्या सामग्रीवर कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ही कादंबरी लिहिली. हा टेलर पुढे सोलापूरनजीकच्या नळदुर्ग जिल्ह्याचा प्रशासक होता. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रॅपोपोर्ट याने १९८४ मध्ये ठगांची गणना धार्मिक दहशतवादाच्या प्राचीन उदाहरणांत केली. तथापि जीव वाचविण्यासाठी दिलेल्या जबान्या कितपत ग्राह्य मानाव्यात, असा प्रश्न नंतरच्या इतिहासकारांनी उपस्थित केला असून ‘कालीचे उपासक असलेला एक अखिल भारतीय पंथ’ हे ठगांचे चित्र आता पूर्वीप्रमाणे स्वीकारले जात नाही. एका शतकातील पोलिसी नोंद पुढच्या शतकात सिद्धांताचा पुरावा कशी बनते, याचे हे बोधप्रद उदाहरण आहे.

दुसरा टप्पा पुण्यापासून सुरू होतो. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या व प्लेगच्या काळात पुण्यातील प्लेग समितीचा अध्यक्ष डब्ल्यू. सी. रँड याने लष्करी सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चाफेकर यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच व रँड पुढे ३ जुलै रोजी मरण पावला. सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम जाहीर केल्यावर गणेश शंकर द्रविड याच्याकडून माहिती मिळाली. दामोदर यांना १८९८ मध्ये आणि बाळकृष्ण, वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांना १८९९ मध्ये फाशी झाली. दामोदर यांनी तुरुंगात आपली हकिगत लिहून ठेवली. कर्त्याने स्वतः लिहिलेले असे निवेदन जगात त्या काळी दुर्मिळ होते. म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने त्यास मोठे मोल आहे.

नाशिकचा जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन याचा २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी वध केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगाल, पंजाब व महाराष्ट्र येथील अशा घटनांचा एकत्रित विचार करण्यासाठी न्या. सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली (डिसेंबर १९१७). १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाचा आरंभ मुंबई इलाख्यापासून व त्यातही चाफेकर प्रकरणापासून होतो. समितीचे कामकाज बंद दाराआड चालले. गणपती व शिवाजी उत्सव, वृत्तपत्रांचे लेखन आणि चित्पावन ब्राह्मणांचे वर्चस्व यांत तिने हिंसेची मुळे पाहिली. या अहवालाच्या आधारे १९१९ चा रौलट कायदा झाला आणि त्याविरुद्धच्या चळवळीतून जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले.

अहवालातील घटनाक्रम आजही उपयुक्त आहे. पण त्याची कारणमीमांसा सदोष आहे. हिंसा करणाऱ्यांत विशिष्ट जातीचे लोक अधिक आढळले, यावरून जात हेच कारण ठरत नाही. त्याच जातीतील, तीच वृत्तपत्रे वाचणाऱ्या व त्याच उत्सवांत सहभागी होणाऱ्या हजारो लोकांनी शस्त्र हाती घेतले नाही. त्यांचा विचार केल्याखेरीज तुलना पूर्ण होत नाही. केवळ घडलेल्या घटनांवरून कारणे शोधण्याचा हा दोष पुढील शंभर वर्षांत जात, धर्म, प्रदेश व शिक्षण यांच्या संदर्भात वारंवार होत राहिला.

सोलापूर प्रकरण (१९३०-३१) : जमावाची हिंसा, शासनाचे दमन व वैयक्तिक सूड हे तीन भिन्न प्रकार एका साखळीत कसे गुंफले जातात, हे सोलापूरच्या उदाहरणावरून दिसते. ५ मे १९३० रोजी म. गांधींना अटक झाल्याचे वृत्त पोहोचताच या गिरणगावात हरताळ पडला. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडणाऱ्या लोकांच्या अटकेवरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठ पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीस मारले गेले. न्यायालयाच्या इमारतीसही आग लावण्यात आली. जिल्हाधिकारी हेन्री नाइट व पोलीस यांचा शहरावरील ताबा सुटला. त्यानंतरचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील बंदोबस्त सांभाळला. शहराचा विस्तार आता विजापूर रस्ता व जुळे सोलापूर या भागांपर्यंत झाला असला, तरी या घटना जुन्या गावातील पेठांत व गिरण्यांच्या परिसरात घडल्या.

१२ मे पासून ३० जून १९३० पर्यंत शहरात लष्करी कायदा जारी होता. राष्ट्रध्वज लावणे व गांधी टोपी घालणे या गोष्टीही त्या काळात शिक्षेस पात्र ठरल्या. या कायद्याखालील शिक्षांच्या वैधतेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. ते निर्दोष होते अशी सोलापूरकरांची धारणा असून धनशेट्टी यांनी उलट जमावास आवरण्याचा प्रयत्न केला, असे सांगितले जाते. शहरातील पुतळे व चौक यांच्या रूपाने त्यांची स्मृती जतन करण्यात आली आहे.

प्रकरण येथेच संपले नाही. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबई इलाख्याचा हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने पिस्तूल झाडले. सोलापुरातील दडपशाही व चौघांची फाशी यांचा निषेध हा त्यामागील हेतू होता. हॉटसन बचावला. गोगटे यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९३७ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक जीवनात काम केले.

कृतीवरून वर्गीकरण करण्याचा नियम येथे लावला असता असे दिसते, की ८ मेचा हिंसाचार हा चिथावलेल्या जमावाचा उद्रेक होता. त्यामागे गुप्त संघटना वा योजना असल्याचे दिसत नाही. लष्करी कायद्याचा उद्देश मात्र संपूर्ण शहरास जरब बसविणे हा होता आणि प्रतीकेही दंडनीय ठरविल्याने तो उघड होता. गोगटे यांची कृती नियोजित व राजकीय होती; तिचे लक्ष्य सामान्य नागरिक नसून सर्वोच्च अधिकारी होता. तत्कालीन सरकारी भाषेत पहिला व तिसरा हे दोन्ही प्रकार गुन्हे आणि दुसरा ‘सुव्यवस्थेची पुनःस्थापना’ होता. स्वातंत्र्योत्तर भाषेत पहिला व तिसरा देशभक्तीचे आणि दुसरा जुलमाचा ठरला. दोन्ही भाषांत तीन कृतींमधील फरक पुसला जातो. तो कायम राखणे हे अभ्यासकाचे काम होय. सरसकट दमनामुळे नव्या व्यक्ती हिंसेकडे वळतात, हे अनेक देशांतील आधुनिक अभ्यासांचे निरीक्षण या साखळीतही दिसून येते.

आधुनिक अभ्यास : म्यूनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडाच्या वर्षी (१९७२) अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशन या संस्थेत ब्रायन जेन्किन्स याने आंतरराष्ट्रीय दहशतवादी घटनांची कालानुक्रमणी सुरू केली. दहशतवाद्यांना पुष्कळ बळींपेक्षा पुष्कळ प्रेक्षक हवे असतात, असे त्याचे त्या काळातील मत होते. १९९० नंतरच्या सामूहिक हत्याकांडांनी त्यास मुरड घालावी लागली. मार्था क्रेन्शॉ हिने १९८१ मध्ये कारणांचे दोन स्तर मांडले : दीर्घकालीन पूर्वस्थिती आणि तत्कालीन निमित्त. दहशतवाद हा वेडाचार नसून दुर्बल गटाने हिशेबाने निवडलेला मार्ग असतो, असेही तिने प्रतिपादन केले. पुण्याच्या उदाहरणात परकी सत्ता व दुष्काळ ही पूर्वस्थिती आणि प्लेगच्या झडत्या हे निमित्त, अशी ही विभागणी सहज लागू पडते. रॅपोपोर्ट याने १८८० पासूनच्या जागतिक इतिहासाचे चार लाटांत विभाजन केले : अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी व १९७९ नंतरची धार्मिक. चाफेकर व कान्हेरे यांची गणना कोणत्या लाटेत करावी, हा प्रश्न या विभाजनाची मर्यादा दाखवितो. कारण त्यांची साधने पहिल्या लाटेतील, ध्येय दुसऱ्या लाटेचे आणि भाषा पुष्कळ अंशी धर्माची होती.

दारिद्र्य व निरक्षरता यांतून दहशतवाद उपजतो, या लोकप्रिय समजुतीस अ‍ॅलन क्रूगर व यित्का मालेच्कोव्हा यांच्या अभ्यासाने (२००३) धक्का दिला. उपलब्ध आधारसामग्रीत असा थेट संबंध त्यांना आढळला नाही. मार्क सेजमन याने १७२ जिहादी व्यक्तींच्या चरित्रांचा अभ्यास करून (२००४) असे दाखविले, की बहुतेकांचा प्रवेश मैत्री व नातेसंबंधांतून झाला होता; विचारसरणीचे पक्के रूप नंतर येते. तीन सख्खे भाऊ व त्यांचे तालमीतील सोबती हे चाफेकर गटाचे स्वरूप याच्याशी जुळते. दोनातेल्ला देल्ला पोर्ता हिने इटली व जर्मनीतील डाव्या गटांच्या अभ्यासातून पोलिसी कारवाईची पद्धत व चळवळीचे हिंसक रूपांतर यांतील परस्परसंबंध स्पष्ट केला. रॉबर्ट पेप याने १९८० ते २००३ मधील ३१५ आत्मघाती हल्ल्यांच्या आधारे परकीय लष्करी ताबा हे प्रमुख कारण मानले. परंतु हल्ले झालेल्या ठिकाणांचाच विचार केल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली. रौलट समितीवर घेतलेला आक्षेप तो हाच.

घटनांची मोजदाद करणाऱ्या संग्रहांपैकी मेरिलंड विद्यापीठाचा जागतिक दहशतवाद संग्रह सर्वांत मोठा असून त्यात १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटनांची नोंद आहे. त्याचा मूळ गाभा पिंकर्टन या खाजगी गुप्तवार्ता संस्थेच्या टिपणांचा होता. कचेरीच्या स्थलांतरात १९९३ या एका वर्षाची टिपणे गहाळ झाली. मुंबईतील साखळी बाँबस्फोट नेमके त्याच वर्षीचे. त्यामुळे या संग्रहावर आधारलेल्या असंख्य आलेखांत भारतातील एका अतिशय भीषण वर्षाची जागा रिकामी असते. भारतात नवी दिल्ली येथील इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट ही संस्था दक्षिण आशियाविषयी अशी आकडेवारी संकलित करते. तत्कालीन मुंबई राज्य शासनाने १९५७ पासून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यामुळे वसाहतकालीन पोलिसी दप्तराचा मोठा भाग अभ्यासकांच्या हाती आला.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांत २५७ लोक मृत्युमुखी पडले. त्यापूर्वीच्या डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत सु. ९०० लोक मरण पावले होते. दोहोंचा एकत्र विचार करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने (अहवाल १९९८) दंगली हे स्फोटांमागील एक कारण असल्याचे मत व्यक्त केले. स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १०० आरोपींस दोषी ठरविले. दंगलींतील गुन्ह्यांबाबत शिक्षा मात्र फारच थोड्यांना झाल्या. एका प्रकारच्या हिंसेची कसून नोंद होते व दुसरीची होत नाही, तेव्हा कारणपरंपरेचे अर्धेच चित्र अभ्यासकाच्या हाती येते.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमाने (१९९९) वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य ठरविला. त्याचे परिणाम पुढील काही खटल्यांत दिसून आले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या सात स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशीची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कबुलीजबाब व ओळखपरेड अविश्वसनीय ठरवून सर्वांची निर्दोष मुक्तता केली. हा निर्णय अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण मानू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर तीन दिवसांनी दिला. मालेगाव येथील सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत अटक झालेल्या नऊ मुस्लिम आरोपींना, राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपासाचा रोख दुसऱ्याच गटाकडे वळल्यानंतर, २०१६ मध्ये आरोपमुक्त करण्यात आले. त्याच गावातील २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण ठार झाले. त्या खटल्यातील सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. या तीन प्रकरणांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेली. आरोपींपैकी कित्येकांची उमेदीची वर्षे कारागृहात गेली आणि बळींच्या नातेवाइकांस अपराधी कोण, याचे न्यायालयीन उत्तर अद्याप मिळालेले नाही.

याच्या उलट उदाहरण २६ ते २९ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याचे आहे. त्यात १६६ जण मृत्यू पावले. एक हल्लेखोर जिवंत पकडला गेला. पाकिस्तानातील सूत्रधारांशी चाललेली दूरध्वनी संभाषणे नोंदली गेली व छायाचित्रांचा पुरावा उपलब्ध झाला. राम प्रधान समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची स्वतंत्र चिकित्सा केली. त्यामुळे अजमल कसाब याच्यावरील दोषसिद्धी तिन्ही न्यायालयांत टिकली (फाशी, येरवडा, २१ नोव्हेंबर २०१२) आणि लष्कर-ए-तैयबाच्या कार्यपद्धतीविषयीचे जगातील पुष्कळ संशोधन या एका प्रकरणावर उभे राहिले. कबुलीजबाबावर विसंबणारी आणि त्याबाहेरील पुराव्यावर आधारलेली माहिती यांतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते. नरेंद्र दाभोलकर (२०१३) व गोविंद पानसरे (२०१५) यांच्या हत्यांचा विचार, विशिष्ट मतास गप्प करण्यासाठी केलेली लक्ष्यवेधी हिंसा या सदरात करावा लागतो.

दहशतवादाचा शेवट : सेठ जोन्स व मार्टिन लिबिकी यांनी १९६८ ते २००६ या काळातील ६४८ गटांचा अभ्यास केला. संपुष्टात आलेल्या गटांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील झाले, ४० टक्के पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणेच्या कामामुळे संपले, १० टक्के विजयी झाले आणि केवळ ७ टक्के लष्करी बळाने नष्ट झाले. एरिका चेनोवेथ व मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधील ३२३ चळवळींची तुलना केली असता (२०११) अहिंसक चळवळींचे यशाचे प्रमाण ५३ टक्के व सशस्त्र चळवळींचे २६ टक्के आढळले.

गडचिरोली जिल्ह्याचा अनुभव या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून आलेल्या नक्षलवादी दलांनी तेंदूपत्ता व बांबू यांची मजुरी, वन कर्मचाऱ्यांची जुलूमशाही या प्रश्नांवर आदिवासींत पाय रोवला. पुढे खबरे ठरवून ग्रामस्थांच्या हत्या आणि सुरुंगांचे हल्ले यांमुळे त्याच आदिवासींचे बळी पडू लागले. लाहेरी (२००९) व जांभुळखेडा (२०१९) येथे पोलीस मोठ्या संख्येने ठार झाले. स्थानिक तरुणांचे सी-६० हे पोलीस दल व २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना या दोन्हींचा अवलंब शासनाने केला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे शस्त्रे खाली ठेवली. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळविला होता व बांबूविक्रीचा अधिकारही पुढे सनदशीर मार्गाने संपादन केला. ज्या गाऱ्हाण्यावर सशस्त्र चळवळ उभी राहिली, त्याचे निवारण शस्त्राविना होऊ शकते, हे येथे एकाच भूमीवर पाहावयास मिळते.

मूल्यमापन : २००१ नंतर या विषयावरील लेखनाचा महापूर आला, पण त्यातील बराच भाग इतरांच्या लेखनावर आधारलेला असतो, अशी टीका अँड्र्यू सिल्क व अन्य समीक्षकांनी केली. अलीकडे मुलाखती, न्यायालयीन कागदपत्रे व प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी यांचा वापर वाढला आहे. तरीही दोन त्रुटी कायम आहेत. पहिली म्हणजे अभ्यासाचा रोख पाश्चात्त्य देशांतील हल्ल्यांकडे अधिक असतो. प्रत्यक्षात बळींची बहुसंख्या इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, नायजेरिया व अलीकडे आफ्रिकेतील साहेल प्रदेश येथील आहे. दुसरी म्हणजे जखमी, मृतांचे कुटुंबीय आणि चुकीने आरोपी ठरलेले यांचा अभ्यास अत्यल्प आहे. भय हे ज्या हिंसेचे साधन, तिचा अभ्यास भय सोसणाऱ्यांच्या साक्षीवाचून पुरा होत नाही. सोलापुरातील चार फाशींविषयी सरकारी दप्तर एक सांगते व शहराची स्मृती दुसरे सांगते. अशा वेळी दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून पुराव्याच्या कसोटीवर पारखणे, हेच या शास्त्राचे प्रमुख कार्य होय.